लिफ्टच्या खोलीतला पंखा

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. राजकारण नाही. विषय लिफ्टचा आहे, म्हणजे खरं तर लिफ्टच्या डोक्यावर गच्चीत जी खोली असते, तिच्यातल्या एका पंख्याचा.

मे महिन्यातली गोष्ट. डोंबिवली पूर्वेला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक सात मजली सोसायटी आहे. दुपारचे अडीच वाजलेले. पोळ्या करणाऱ्या मावशी सहाव्या मजल्यावरचं काम उरकून खाली निघाल्या आणि चौथ्या-तिसऱ्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. आतला दिवा चालू, छोटा पंखा चालू, लिफ्ट मात्र ढिम्म. मावशींनी घंटा दाबली. वॉचमन जेवायला गेलेला. फोन पिशवीत होता, पण रेंज नव्हती. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दार वाजवल्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी फोनाफोनी केली, मेकॅनिक आला. तोवर पन्नास मिनिटं गेली.

मेकॅनिकने वर जाऊन मेन बंद केला, हाताने ब्रेक सोडला. गाडीत एकच माणूस, समोरचं काउंटरवेट जड, त्यामुळे ब्रेक सोडला की गाडी आपोआप वर सरकते. ती चौथ्यावर आणून किल्लीने दार उघडलं. मावशी बाहेर आल्या त्या तिथेच जिन्यात बसल्या. मी नंतर भेटलो तेव्हा म्हणाल्या, "दादा, मला वाटलं आतली हवाच संपली."

हे आधी सांगून टाकतो, कारण हीच भीती सगळ्यांना असते. लिफ्टची गाडी हवाबंद नसते. खाली-वर फटी असतात, हवा येत राहते. गुदमरल्यासारखं होतं ते घाबरल्यामुळे आणि उकाड्यामुळे. लिफ्टमध्ये अडकल्यावर जीव जातो तो बहुतेक वेळा कोणीतरी दार फाकवून उडी मारायला जातं आणि खाली शाफ्टमध्ये पडतं म्हणून. तेव्हा आत अडकलात तर बसून राहा आणि घंटा दाबत राहा. बाहेर असाल तर आतल्या माणसाशी बोलत राहा, पण दार ओढू नका.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या संध्याकाळी काय काय आलं ते एकाने मला दाखवलं. "एएमसी बदला." "या कंपनीचे पार्टच खराब." आणि एक मेसेज असाही की कामवाल्या बायका बटणं जोरात दाबतात, म्हणून बिघाड होतो. त्या मेसेजला दोन अंगठे पण होते. असो.

आठवड्यात तीनदा तेच झालं. दर वेळी दुपारी दोन ते चारच्या मध्ये. मेकॅनिक यायचा, पॅनेल उघडायचा, रीसेट मारायचा, लिफ्ट चालू. तो पोरगा हुशार होता. त्याने ओळखलं की ड्राइव्ह गरम होऊन ट्रिप होतोय. त्याने त्याच्या परीने उपायही केला होता: मशीनरूमच्या दाराला वीट लावून दार उघडं ठेवलं आणि कोणाचा तरी जुना टेबल फॅन पॅनेलकडे तोंड करून लावला. हा उपाय मुंबई-ठाण्यातल्या किती गच्च्यांवर आहे ते मोजायला बसलो तर वही संपेल. पण लिफ्टरूमचं दार उघडं म्हणजे फिरतं मशीन आणि उघडं पॅनेल गच्चीवर खेळणाऱ्या पोरांच्या हाताशी. आणि जूनमध्ये पहिल्या तिरक्या पावसात पाणी थेट आत.

सेक्रेटरींनी मला बोलावलं. मी त्या भागात सव्वीस वर्षं वायरिंगची कामं करतो. लिफ्ट माझा विषय नाही, लिफ्टच्या पॅनेलला मी हात लावत नाही आणि कोणी ऐऱ्यागैऱ्याने लावूही नये. पण खोलीतली हवा, दिवा, पंखा, सप्लाय हे आमचं काम.

दुपारी दोनला वर गेलो. दार उघडलं आणि तोंडावर भट्टीची झळ यावी तसं झालं. सोबत नेलेला तापमापक पॅनेलच्या उंचीवर धरला: एक्कावन्न अंश. आता या ड्राइव्हचं कसं असतं ते सांगतो. बहुतेक ड्राइव्हच्या पुस्तकात आजूबाजूच्या हवेचा आकडा चाळीस अंश लिहिलेला असतो. त्याच्या वर गेलं की क्षमता कमी धरायची, आणि आतला हीटसिंक ठरलेल्या मर्यादेपुढे तापला की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला बंद होतो. आतलं माणूस तिसऱ्यावर आहे की पाचव्यावर, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

तुम्ही म्हणाल, लिफ्टला एआरडी असते ना, लाईट गेली की बॅटरीवर जवळच्या मजल्यावर आणून सोडणारी? असते. या लिफ्टलाही होती, बॅटरी चांगली होती. पण बहुतेक एआरडी मेन सप्लाय गेला की जागी होते. इथे लाईट गेलीच नव्हती. ड्राइव्ह झोपला होता आणि एआरडीच्या हिशेबाने सगळं ठीक चाललं होतं.

खोलीत पाहिलं. एका भिंतीत वर बारा इंची एक्झॉस्ट पंखा, बंद. समोरच्या भिंतीत खाली हवा आत यायची जाळी, तिच्यावर बाहेरून प्लायवूड ठोकलेलं. "कबुतरं येत होती हो," सेक्रेटरी म्हणाले. कोपऱ्यात गणपतीचं जुनं थर्माकोलचं मखर, दोन रंगाचे डबे, आणि कोणाची तरी तुटकी सायकल. ट्यूबचं बटण दाबलं, लागली नाही. मेकॅनिक म्हणाला, "काका, ट्यूब कधीचीच गेलीये. मी एकदा बदललीपण, तरी नाही लागली. आम्ही मोबाईलच्या उजेडात करतो."

टेस्टर लावला. पंख्याला सप्लाय नाही, ट्यूबला सप्लाय नाही. शोधायला दोन तास लागले, हाती काही नाही. साडेसहाला उतरायच्या बेतात होतो, आणि ट्यूब आपोआप लागली. मागोमाग पंखा घरघरत सुरू झाला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मेकॅनिक हळूच म्हणाला, "भूत आहे का?"

भूत खाली मीटररूममध्ये होतं. जिन्याच्या दिव्यांच्या लाईनला टायमर होता, संध्याकाळी साडेसहा ते सकाळी सहा. २०१६ साली सोसायटीने जिन्यात एलईडी लावले तेव्हा बसवलेला. लिफ्टरूमचा पंखा आणि ट्यूब त्याच जिन्याच्या लाईनवर होते. म्हणजे जवळजवळ नऊ-दहा वर्षं तो पंखा रात्री, गारव्यात चालायच्या तयारीत असायचा, आणि भर दुपारी मेलेला. टायमर बसवणाऱ्याला कळायचं काही कारणच नव्हतं, कारण खालच्या बोर्डावर पंख्याचा उल्लेख नव्हता, नकाशा नव्हता, काही नव्हतं.

मग इतकी वर्षं बिघाड का नाही झाला? कारण आधी जुनी लिफ्ट होती, कॉन्टॅक्टरवर चालणारी दोन स्पीडची. ती उकाड्यात कुरकुरायची पण चालायची. २०२२ ला आधुनिकीकरण झालं, नवा ड्राइव्ह आला. वीज वाचते, गचका बसत नाही, सगळं खरं. पण आत इलेक्ट्रॉनिक्स आलं. शिवाय रिकामी गाडी वर जाताना किंवा भरलेली खाली येताना मोटर उलटी वीज तयार करते, ती एका मोठ्या रेझिस्टरमध्ये जाळून टाकतात. तो रेझिस्टर म्हणजे त्याच खोलीत ठेवलेली शेगडी. आणि मागच्या वर्षी कबुतरांसाठी प्लायवूड लागलं. टायमर, ड्राइव्ह, प्लायवूड, तिन्ही गोष्टी करणारे आपापल्या जागी बरोबर होते.

आता खरी गोष्ट. पंख्याची लाईन नक्की कुठून घेतलीये बघायला सातव्या मजल्यावरचा जॉइंट बॉक्स उघडला. आत टेपवर मार्करने लिहिलेलं होतं, "फॅन LR". अक्षर माझं होतं.

२००८ साल. मी तेव्हा एका कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली होतो, बिल्डिंग नवी होती. मला आठवलं, अगदी स्पष्ट आठवलं. मी सुपरवायझरला म्हणालो होतो की पंख्याला मीटररूममधून वेगळी लाईन लागेल, तीसेक मीटर वायर, पाइप, वेगळा एमसीबी. तो म्हणाला, "अरे जिन्याचा पॉइंट शेजारीच आहे, घे तिथून, एका पंख्याला किती लागतं?" मी घेतलं. ती लाईन तेव्हा चोवीस तास चालू असायची, प्रत्येक मजल्याला वेगळं बटण होतं, त्यामुळे पंखा व्यवस्थित चालायचा. त्या दिवशी काम बरोबर दिसत होतं. पण मी खाली बोर्डावर चिठ्ठी लावली नाही. दोन रुपयांची चिठ्ठी.

मेकॅनिकला, सेक्रेटरींना तेव्हा मी काही बोललो नाही. बॉक्स बंद केला.

मग काम केलं ते सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेक जण आपापल्या सोसायटीच्या कमिटीत आहेत.

पहिलं म्हणजे सप्लाय. मीटररूममधून वेगळी लाईन, वेगळा एमसीबी, लिफ्टच्या मेन स्विचशी संबंध नाही. मेकॅनिक लिफ्टचा मेन बंद करतो तेव्हा त्याला दिवा आणि हवा दोन्ही मिळाली पाहिजेत. अंधारात, घामाने निथळत ब्रेक सोडणारा माणूस चूक करतो, आणि त्याच्या हाताशी त्या वेळी दुसऱ्या कोणाचा तरी जीव असतो.

दुसरं, थर्मोस्टॅट. जुना थर्मोस्टॅट पंख्याची वायर थेट स्वतःमधून नेत होता. छोट्या पंख्याला चालून जातं, पण मोटर सुरू होताना झटका मोठा असतो, रोजच्या चालू-बंदीत पॉइंट जळतात, कधी चिकटून बसतात. म्हणून थर्मोस्टॅटने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, मोटरचा करंट कॉन्टॅक्टरने घ्यायचा, त्याच्यामागे ओव्हरलोड. सोबत तीन जागांचा स्विच: ऑटो, बंद, मॅन्युअल.

थर्मोस्टॅटची जागा हा आमच्या धंद्यातला दुर्लक्षित विषय. बाहेरची हवा येते त्या जाळीपाशी लावला तर त्याला कायम गारच वाटतं. उन्हाने तापलेल्या भिंतीवर लावला तर रात्रीपण पंखा फिरत राहतो. आतल्या भिंतीवर, पॅनेलच्या उंचीला, हवेच्या सरळ झोतापासून बाजूला लावायचा. पस्तीसला चालू, एकतीसला बंद असं ठेवलं. मधलं अंतर ठेवायचं, नाहीतर कॉन्टॅक्टर दिवसभर टकटक करत बसतो.

तिसरं, हवेचा रस्ता. प्लायवूड काढलं, बारीक जाळी आणि बाहेरून पावसाच्या पट्ट्या लावल्या. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो. हिशेब सोपा आहे: खोलीत जितके वॅट उष्णता तयार होते त्याला तीनने गुणा, आणि खोली बाहेरच्यापेक्षा जितके अंश जास्त चालेल त्याने भागा. ताशी किती घनमीटर हवा हवी ते निघतं. दीड हजार वॅट आणि पाच अंश धरले तर नऊशे घनमीटर. हेही लक्षात ठेवा की पंखा बाहेरच्या हवेपेक्षा खोली गार करू शकत नाही. बाहेर अडतीस असेल तर आत त्रेचाळीस. म्हणून वरच्या स्लॅबला पांढरा रंग मारून घेतला.

चौथी गोष्ट मला स्वतःला आवडलेली. वॉचमनच्या केबिनमध्ये एक हिरवा दिवा. नेहमी लोक बिघाड झाला की लागणारा लाल दिवा लावतात. पण वायर तुटली, दिवा उडाला, तर लाल दिवा लागतच नाही, आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. आम्ही उलटं केलं. लिफ्टरूमला सप्लाय आहे, ओव्हरलोड ट्रिप नाही आणि खोली पंचेचाळीसच्या खाली आहे, तिन्ही खरं असेल तरच हिरवा दिवा लागतो. यातलं काहीही बिघडलं, किंवा दिव्याची वायरच कुरतडली गेली, तरी दिवा जातो. वॉचमन बिहारचा आहे, त्याला समजावत होतो तर तो म्हणाला, "समझ गया, दिया बुझा तो फोन करना है।" वीस मिनिटांचं माझं भाषण त्याने एका ओळीत संपवलं.

मखर खाली गेलं. शाफ्टमधून इंटरनेटवाल्याने दोन काळ्या केबल सोडलेल्या सापडल्या. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, आपण डक्ट म्हणतो त्यात, लिफ्टशी संबंध नसलेली वायर, पाइप काहीही टाकायचं नसतं. काढायला लावल्या. तर त्या दिवशी ग्रुपवर लिफ्टपेक्षा जास्त आरडाओरडा झाला.

आणि शाफ्टच्या माथ्यावरची खिडकी. हे जरा सविस्तर सांगतो. आग लागली की सात मजल्यांचा शाफ्ट म्हणजे धुराडं. धूर त्यातून वर चढतो आणि वाट मिळाली नाही की फटींतून वरच्या मजल्यांवर पसरतो. म्हणून राष्ट्रीय बांधकाम संहितेत शाफ्टच्या वरच्या टोकाला किमान ०.२ चौरस मीटरचं भोक सांगितलेलं आहे, म्हणजे साधारण दीड फूट बाय दीड फूट. या इमारतीत ते पावसाचं पाणी येतं म्हणून सिमेंटने लिंपलं होतं. फोडून, वर छज्जा करून, जाळी लावली.

उंच टॉवरमध्ये मामला वेगळा. तिथे आग लागली की मोठा पंखा शाफ्टमध्ये बाहेरची हवा दाबून भरतो, म्हणजे धूर आत शिरतच नाही. ठाण्याच्या एका टॉवरमध्ये अशी चाचणी चालू होती. फायरवाल्यांनी अलार्म दिला, लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारं उघडून उभ्या राहिल्या, दाबाचा पंखा सुरू झाला. सगळे खूश. त्यांचा एक म्हातारा फोरमन होता, त्याने खिशातून उदबत्ती काढली आणि वरच्या मजल्यावर लिफ्टच्या दाराच्या फटीशी धरली. धूर बाहेर ढकलला जायला हवा होता. तो आत ओढला गेला. कारण वर मशीनरूममधला एक्झॉस्ट, आपल्या थर्मोस्टॅटच्या सांगण्यावरून, निवांत चालू होता आणि दोरांच्या भोकांतून शाफ्टमधली हवा खेचत होता. तो एक्झॉस्टही मीच लावलेला. तेव्हापासून जिथे दाबाचा पंखा आहे तिथे अलार्म पॅनेलच्या रिलेचा नेहमी जोडलेला असणारा पॉइंट मी कॉइलच्या लाईनमध्ये घेतो. अलार्म वाजला की पॉइंट उघडतो, एक्झॉस्ट बंद. थर्मोस्टॅटला काहीही वाटो. मात्र मॅन्युअलची वायरसुद्धा त्याच पॉइंटमधून न्यायची. हे बरेच जण विसरतात, आणि मग स्विच मॅन्युअलवर राहिला की सगळी मेहनत पाण्यात.

आता हे कोणाचं काम? लिफ्टवाला म्हणतो, माझ्या एएमसीत गाडी, दोर, मशीन, पॅनेल आहे, खोलीची हवा सोसायटीने बघायची. बिल्डरच्या नकाशात "एक्झॉस्ट फॅन" असे दोन शब्द असतात. फायरवाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बी फॉर्म देतो, तो होज आणि पंप बघतो. १९३९ चा लिफ्टचा कायदा जाऊन २०१७ चा नवीन आला, त्यात सरकते जिनेसुद्धा आले, पण कायदा वाचून कोणी गच्चीवर चढत नाही. कमिटीतले लोक नोकरी सांभाळून फुकट काम करतात, त्यांना शिव्या द्यायची मला इच्छा नाही. पण सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या पट्ट्यांवर दीड तास भांडणारी माणसं लिफ्टच्या विषयावर विचारतात ते एकच: कोणाचं कोटेशन सगळ्यात कमी?

काम होऊन तीन आठवडे झाले. तेव्हाही बाहेर सदतीस-अडतीस होतं. खोली बेचाळीसच्या वर गेली नाही, ट्रिप एकदाही नाही.

मावशी अजून जिन्यानेच जातात. तीन घरं, त्यातलं एक सहाव्यावर, दिवसातून दोन वेळा. गुडघा दुखतो, मध्ये चौथ्यावर थांबून श्वास घेतात. मी म्हटलं, "मावशी, आता बंद नाही पडायची, मी स्वतः काम केलंय." त्या म्हणाल्या, "तेव्हा पण कुणीतरी केलंच असेल की, दादा."

मला उत्तर सुचलं नाही.

बिल दिलं तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, मटेरियलचे लावलेत, मजुरी कुठेय? मी म्हटलं, राहू द्या, ओळखीतलं काम आहे. ते माझी पोस्ट वाचतात, त्यामुळे आता त्यांना कळेल. मावशी फेसबुकवर नाहीत. त्यांना उद्या सकाळी सातला, त्या कामावर येतात तेव्हा, गेटपाशी भेटून सांगणार आहे.